लांबट हॉलला गोल सोफा हवाच का?

(साताऱ्याहून आलेल्या एका पत्राचा हा सारांश. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

"मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही बावीस वर्षं भाड्यानं काढली. आता शाहूपुरीत स्वतःचा फ्लॅट घेतला आहे. घरात मी, मिस्टर आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. मुलगी पुण्यात शिकते, सुट्टीला येते. हॉल १० बाय १६ फुटांचा, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनी. रिकामा असतानाच तो मला रेल्वेच्या डब्यासारखा वाटतो. मुलगी रोज फोटो पाठवते : गोल कडांचे सोफे, कमानी, लाटांसारखं छत. इंटिरियरवाल्यांनीही तसंच डिझाइन दिलं आहे. अर्धगोल सोफा, हॉल आणि डायनिंगच्या मध्ये कमान, नागमोडी फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे षटकोनी पॅनेल आणि गोल डायनिंग टेबल. मला ते बघताक्षणी आवडलं. सासूबाई म्हणतात, चौकोनी घराला गोल सामान शोभत नाही. शिवाय त्यांची सागवानी पेटी हॉलमध्येच ठेवायची असा त्यांचा हट्ट. मिस्टरांचं म्हणणं, वास्तूत गोल टेबल चालत नाही. खर्चही आमच्या अंदाजाबाहेर चालला आहे. घर एकदाच होतं. गोल घ्यावं की सरळ? आणि माझी हौस चुकीची आहे का?"

ताई,

हौस चुकीची नाही, हे आधी सांगते. भिंतीला एक खिळा ठोकायचा तरी बावीस वर्षं ज्यांना मालकांना विचारावं लागलं, त्यांनी स्वतःच्या घराची स्वप्नं बघायची नाहीत तर कुणी बघायची? तेव्हा या उत्तरात मी काही गोष्टींना नको म्हणणार आहे, ते तुमच्या हौसेला नाही असं समजून वाचा.

तुमच्या पत्रात सोफा कसा दिसेल हे आहे. त्यावर रोज कोण बसणार, कुणाकडे तोंड करून बसणार, चहाचा ट्रे घेऊन तुम्ही कुठून येणार, हे मात्र कुठंच नाही. "गोल की सरळ" हा प्रश्न त्यामुळेच सुटत नाहीये. त्याचं उत्तर त्या माणसांच्या बसण्या-उठण्यात आहे.

वाड्यातलं आठवून बघा. पंगत नेहमी सरळ बसायची, कारण वाढणारी बाई ओळीनं पुढं सरकायची. भाताचं पातेलं, मागं वरण, मागं तूप. पंगत गोल मांडली असती तर वाढपी मध्ये अडकून पडली असती. पण उडदाचे पापड करायला त्याच बायका त्याच माजघरात गोल बसायच्या, कारण लाट्यांचं ताट मध्ये असायचं आणि सगळ्यांचे हात तिथवर पोचायला हवे असायचे. पापड लाटताना गप्पा रंगायच्या, पंगतीत शेजारच्याशीच काय ते बोलणं व्हायचं. खोली एकच, माणसंही तीच, काम बदललं की आकार बदलायचा. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यभर हे दोन्ही केलं असणार. म्हणून मला वाटतं, त्यांचा विरोध गोल आकाराला नसावा. त्याकडे नंतर येते.

वाईला ढोल्या गणपतीला तुम्ही गेलाच असाल. पुढच्या वेळी देवळाला मागून वळसा घाला. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, यासाठी. तो वळणदार आकार देखणा आहेच, पण तिथे तो आला पाण्यामुळे. तुमच्या हॉलमध्ये असं 'पाणी' म्हणजे माणसांचा वावर. दारातून बाल्कनीकडे, स्वयंपाकघरातून हॉलकडे, सासूबाईंच्या खोलीतून बाथरूमकडे. हा प्रवाह जिथे आदळतो तिथे वळण हवं. जिथे काही आदळतच नाही तिथे ते नुसतंच जागा खातं.

मुलगी म्हणते ते अगदीच हवेत नाही, हेही खरं. २००६ साली मोशे बार आणि मायटल नेटा या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की माणसांना टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू जास्त आवडतात. २०१३ साली ओशिन वर्तानियन आणि सहकाऱ्यांनी खोल्यांच्या फोटोंवर तशीच चाचणी केली. लोकांना वळणदार खोल्या जास्त सुंदर वाटल्या. पण "या खोलीत आत जाल का?" असं विचारल्यावर वळणाचा काही फरक पडला नाही. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. फोटो बघून आवडणं वेगळं आणि तिथे जाऊन बसावंसं वाटणं वेगळं. मुलगी फोटो पाठवते आहे, राहायचं तुम्हाला आहे.

आता हॉलचं बोलू, कारण खरी गाठ तिथेच आहे. १० बाय १६ ची खोली डब्यासारखी वाटते ती कोपऱ्यांमुळे नाही. लांबी नजरेला एका दमात दिसते म्हणून. त्यात सोळा फूट भिंतभर टीव्ही युनिट केलं, सोफाही त्याच भिंतीच्या समांतर लांबच लांब मांडला, छतालाही लांबीच्या दिशेनं लाटा दिल्या, की डबा आणखी लांब होतो. वर कितीही वळणं द्या, डबा तो डबाच राहतो.

लांबट खोलीला चौक लागतो. वाड्यातला चौक डोळ्यांसमोर आणा. कितीही खणांचा वाडा असो, मध्ये चौक आला की घराला मध्यबिंदू मिळायचा. तुमच्या हॉलचे दोन भाग करा. बाल्कनीकडचा १० बाय १० चा चौरस बसायला, दाराकडचे उरलेले सहा फूट म्हणजे तुमचा सोपा, वाड्यातल्या दारालगतच्या पडवीसारखा. यासाठी भिंत नको, पार्टिशनही नको. चौरसात एक मोठी सतरंजी किंवा गालिचा. भिंतीलगत साधा, सरळ पाठीचा तीन जणांचा सोफा. सोपा जिथे संपतो त्या रेषेवर दाराकडे पाठ करून दोन सुट्या खुर्च्या. टीव्ही समोरच्या भिंतीवर टांगा, खाली फूटभर खोलीचं आणि पाच फुटांपेक्षा लांब नसलेलं बुटकं कपाट. या दोन खुर्च्यांनी लांबी अडते, आणि बसलेली माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात. झाली की नाही पापडांची बैठक? सोफा सरळच आहे, पण माणसं गोल बसली आहेत.

मध्ये टीपॉय मात्र गोल घ्या, दोन फूट व्यासाचा, काचेचा नको. माझ्या घरी काचेचा चौकोनी टीपॉय होता. त्याचा कोपरा नेमका नडगीच्या उंचीला यायचा. माझी आई संध्याकाळी दिवा लावायला निघाली की दर चार दिवसांनी तिथेच आपटायची आणि "काही नाही, काही नाही" म्हणत पुढं जायची. एकदा तिच्या पायाला तेल लावताना मला एकाखाली एक तीन काळेनिळे डाग दिसले, तिन्ही वेगवेगळ्या दिवसांचे. दुसऱ्या दिवशी काचवाल्याकडे नेऊन चारही कोपरे घासून घेतले. बघायला आलेल्या कुणालाही तो बदल कळला नाही. आईला कळला.

अर्धगोल सोफ्याचा हिशेब असा. नऊ फूट रुंदीचं अर्धवर्तुळ साडेचार फूट पुढं येतं. तुमच्या हॉलची रुंदीच दहा फूट. म्हणजे निम्मी रुंदी सोफ्यानं घेतली, आणि त्याच्या पाठीमागे दोन्ही बाजूंना भिंतीशी तिकोनी पोकळ्या राहिल्या, जिथे केरसुणी पोचत नाही आणि पालीला आयतं घर मिळतं. असे सोफे मोठ्या दिवाणखान्याच्या मधोमध ठेवण्यासाठी असतात, जिथे त्यांच्या मागूनही माणसं फिरतात. तुमच्याकडे तो नको. हे माझं ठाम मत आहे.

कमानीबद्दल मी इतकी ठाम नाही, कारण कमान मलाही आवडते. पण ती का असते ते ध्यानात घ्या. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर बघितली असेल तर तिथल्या दगडी कमानी आठवा. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, म्हणजे त्या कमानी तीनशे वर्षं वरचं ओझं दोन्ही बाजूंना वाटून देत उभ्या आहेत. दगडाला लांब अंतर सरळ पार करता येत नाही, म्हणून तो वाकून उभा राहतो. तुमच्या फ्लॅटमध्ये वर सिमेंट-लोखंडाचा बीम आहे, ओझं तोच पेलतो आहे. कमान म्हणजे त्याच्याखाली लावलेला जिप्समचा किंवा प्लायचा देखावा. देखावा करूच नये असं नाही, पण माप काढा. चार फुटी रुंद मोकळ्या जागेत अर्धगोल कमान काढली तर तिला दोन फूट उंची लागते. बीम सात फुटांवर असेल तर कमानीचं वळण पाच फुटांपासूनच सुरू होणार. कडेनं चालणाऱ्या उंच माणसाच्या डोक्याला ते लागतं, आणि उद्या कपाट आत-बाहेर न्यायचं झालं की सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यापेक्षा वरचे दोन कोपरे फक्त नऊ इंचांच्या त्रिज्येनं गोल करून घ्या. डोळ्याला वळण मिळतं, डोक्याला धक्का नाही, आणि खर्च थोडक्यात.

नागमोडी छत आणि षटकोनी पॅनेल दोन्ही वगळा. छत त्या लाटांनी खाली येतं, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात वर कुठं ओल धरली तर दुरुस्तीला साधा सपाट तुकडा काढून बसवणं सोपं, लाट जुळवणं अवघड. पॅनेलच्या प्रत्येक कडेवर धूळ बसणार आणि ती तुम्हीच पुसणार. पाच वेगळे आकार एका हॉलमध्ये भांडत बसतात. एका जागी बसून दोनच आकार दिसावेत, असं मी स्वतः पाळते.

डायनिंग टेबलाला मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. डायनिंगची जागा किती हे तुम्ही लिहिलेलं नाही, साधारण ९ बाय ८ धरून बोलते. माणसाला टेबलाच्या कडेची दोन फूट तरी जागा लागते. साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच व्यासाच्या गोल टेबलाचा परीघ सुमारे १३२ इंच. चौघांना प्रत्येकी ३३ इंच आले, कोपर ऐसपैस. पाहुणा आला तर पाचवी खुर्ची सरकवता येते, कारण मध्ये येणारा कोपराच नाही. नऊ फुटांच्या बाजूला टेबलाच्या दोन्हीकडे ३३-३३ इंच उरतात, खुर्चीवर माणूस बसलेला असताना मागून अंग चोरून जाता येतं. आठ फुटांच्या बाजूला २७ इंच, तिथे बसता येईल पण मागून जाता येणार नाही. म्हणून स्वयंपाकघराची वाट नऊ फुटांच्या बाजूनं येईल असं टेबल मांडा. गोल टेबलाची एक उणी बाजूही ऐका. ते भिंतीला लावता येत नाही. तुमची जागा याहून अरुंद असेल तर आयताकृती टेबल भिंतीला टेकवून रोज तिघांनी जेवणं आणि मुलगी आली की पुढं ओढणं हेच बरं.

आणखी एक. अशी टेबलं मधल्या एकाच खांबावर दाखवतात, कारण दिसायला हलकी वाटतात. तुमच्या सासूबाई उठताना टेबलाच्या कडेवर हात दाबून उठत असतील, त्या वयाची बहुतेक माणसं तसंच उठतात. एका खांबाचं हलकं टेबल त्या दाबानं कलंडू शकतं. चार पायांचंच घ्या.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. वास्तूच्या पुस्तकांत चौरस-आयताला पसंती असते ती जागेला आणि खोल्यांना, आणि तुमच्या खोल्या आयताकृतीच आहेत, असं त्यांना सांगून बघा. तरी मन खात असेल तर जेवताना रोज त्या टेबलापाशी मन खात राहणं काही बरं नाही. साडेतीन फुटी चौरस टेबल करून घ्या आणि सुताराला सांगा, "चारही कोपरे सहा इंचांनी गोल मारून द्या." चौरसही राहिला, कुणाच्या कमरेला टोकही लागलं नाही. असल्या गोष्टीवरून नवीन घरात पहिला अबोला नको.

आता सासूबाई. वाडा सुटला तेव्हा त्यांचं काय काय मागं राहिलं, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं आहे का? देवळ्या भिंतीत राहिल्या, उंबरा राहिला, सोपा राहिला. सोबत येण्यासारखी एक पेटी होती. डिझाइनच्या कागदावर त्यांना सगळं दिसलं, ती पेटी दिसली नाही. "गोल शोभत नाही" हे त्यांनी म्हटलं, पण त्यांना म्हणायचं होतं "माझी वस्तू कुठं आहे?" असा माझा अंदाज. पेटी दाराकडच्या त्या सहा फुटांत भिंतीलगत ठेवा. आल्यागेल्याला टेकायला जागा झाली, आत पांघरुणं मावली. पेटीच्या वर, भिंतीवर, मुलीच्या आवडीचा अडीच फुटी गोल आरसा. जाड, सरळ, काळपट सागवानावर तो गोल जितका उठून दिसेल तितका षटकोनी पॅनेलांच्या गर्दीत कधीच दिसला नसता. आणि पेटीही आरशामुळे जुनाट न वाटता मानाची वाटेल. मुलीला फोटो पाठवायचा तो याच कोपऱ्याचा.

काहीही मागवण्याआधी एक शनिवार काढा. सुतार करतात तसं करायचं. फरशीवर मध्ये एकानं बोट दाबून धरायचं, सुतळीला गाठ मारून २१ इंचांवर खडू बांधायचा आणि फिरवायचा. हे तुमचं ४२ इंची टेबल. सोफ्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीनं जमिनीला लावा. खुर्च्यांच्या जागी खुर्च्याच ठेवा. मग आठवडाभर, घराचा ताबा असेल तर, रोज संध्याकाळी तिथे जाऊन चहा करा आणि ट्रे घेऊन फिरा. सासूबाईंना फिरवा. कागदावर पाय पडला की समजायचं, इथे वस्तू येणार नाही, किंवा आली तर कोपरा गोल करून येणार. स्वयंपाकाच्या ओट्याचा बाहेरचा कोपराही याच वेळी बघा. ग्रॅनाइट बसवायच्या आधी सांगितलं तर कडा हाफ राउंड करून आणि कोपरा वळवून मिळतो, बसवल्यावर तेच काम धुळीचं आणि कटकटीचं होतं.

इंटिरियरवाल्यांशी बोलताना एकरकमी आकड्यावर घासाघीस करू नका. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहून मागा, आणि ज्या वस्तूला वळण आहे तिची सरळ केली तर किंमत किती, हे शेजारी लिहून मागा. प्लाय आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये येतं. चार फुटी गोल कापला की चार बाय चारच्या चौरसातला पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच भाग कात्रणात जातो, आणि त्याचेही पैसे तुम्हीच देता. वळणदार कपाटाला वाकणारं प्लाय लागतं, कडेच्या पट्टीला जास्त मजुरी लागते, आणि त्याचा खण आतून चौकोनीच असल्यानं कोपऱ्यातली जागा फुकट जाते. म्हणून साठवणीची प्रत्येक गोष्ट सरळ, हातापायाशी येणारी कड गोल, असं त्यांना एका वाक्यात सांगा. समजूतदार माणूस असेल तर दोन दिवसांत नवा कागद आणून देईल. वाचलेल्या पैशात चौरसाच्या मधोमध लटकवायला एक छान गोल दिवा घ्या, तो निवडायचं काम मुलीवर सोपवा.

बाकीचं ठरायला वेळ लागेल, पण एक काम या आठवड्यात करा. नव्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराला पुष्कळदा गुळगुळीत गोल मूठ असते. ओल्या, आखडलेल्या बोटांना ती फिरवता येत नाही. तुमच्याकडे तशी असेल तर सासूबाईंच्या बाथरूमची मूठ काढून तिथे खाली दाबायचा सरळ दांडीचा हँडल बसवून घ्या.